मुलामेवाल्यांचा निळा

रोज सकाळी पाणी पिण्याआधी मुलामेवाले पेल्यावर वाफ सोडत. काचेचा पेला खिडकीच्या उजेडात धरायचा, तोंड उघडून आतून हलकेच ‘हा’ करायचं आणि काचेवर धरलेलं धुकं कसं जातं ते बघत राहायचं. कडेकडून आत सरकत एकसारखं विरलं, तर पेला स्वच्छ. मध्येच ठिपके राहिले, एखादा ओघळ चमकला, तर काच अजून तेलकट आहे. मग पेला पुन्हा ओट्यावर.

“परत धू गं.”

बायको चौतीस वर्षं हे ऐकत आली होती. “अहो, पाणी प्यायचंय की पेल्याला चांदी चढवायचीय? उद्यापासून नळालाच तोंड लावा.” एवढं बोलून ती पेला धुवायची, आणि दुसऱ्या खेपेला वाफ नीट जाईपर्यंत तीही शेजारी उभी राहून बघायची. तशी तिलाही ती खोड लागलीच होती, पण ते तिने कधी कबूल केलं नाही.

घराबाहेर त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. विद्यापीठातल्या पदार्थविज्ञान विभागाच्या तळघरात ते काचेवर धातूचे मुलामे चढवत, म्हणून मुलामेवाले. निवृत्तीचं वय उलटून तीन वर्षं झाली होती. दर वर्षी विभाग त्यांना मुदतवाढ देई, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तळघराला खिडकी नव्हती. मधल्या टेबलावर घंटेच्या आकाराचं जाड काचेचं झाकण, आणि त्यातली हवा उपसणारा पंप खाली दिवसभर धापा टाकत असे. हवा उपसून झाली की आतले चांदीचे मणी विजेने तापवायचे. मणी वितळत, थरथरत, मग त्यांची वाफ वर टांगलेल्या काचपट्ट्यांवर बसत जाई. किती बसली की थांबायचं, हीच सगळी विद्या.

“केसाची जाडी घे,” नव्या विद्यार्थ्यांना ते सांगत. “तिचे सोळाशे भाग कर. त्यातला एक मला दे.”

“आणि दोन दिले तर, काका?”

“तर दुकान बंद.”

थराची जाडी मोजणारं यंत्र होतं, पण ते बिघडून दोन वर्षं झाली होती. नवीन मागवलंय, असं विभागप्रमुख सर सांगत. अडत कुणाचंच नव्हतं. यंत्र चालू होतं तेव्हाही मुलामेवाले आधी आकडा बोलत आणि मग यंत्राकडे बघत, आणि दोन्हींत नाव घेण्यासारखा फरक नसे. चांदी समोरून पाहिली तर आरसा असते. पण थर पुरेसा पातळ असला आणि त्यातून दिव्याकडे पाहिलं, तर दिवा निळा दिसतो. झाकणाच्या आत, पट्ट्यांच्या पलीकडे त्यांनी एक छोटा दिवा बसवला होता. डावा डोळा मिटून उजवा ते काचेला लावत. दिवा पांढऱ्याचा फिका निळा होई, मग गडद, आणि एका ठरावीक निळ्यावर त्यांचा हात वीज तोडत असे.

“कसला निळा, काका?”

“शाईची दौत धुवायला घेतलीस कधी? पाणी घालायचं, ओतायचं, घालायचं, ओतायचं. शेवटून दुसऱ्या पाण्याचा निळा.”

हे ऐकून वहीत लिहून घेणारी एकच निघाली, ती रंगवाली.

ती विभागातली कंत्राटी संशोधक. तिच्या कुप्यांमधले रंग हिरव्या प्रकाशात नारिंगी चमकत, आणि तिच्या बोटांवर, कोटाच्या बाह्यांवर, वहीच्या कडांवर कायम गुलाबी डाग असत. रक्ताच्या थेंबातली रोगाची अगदी पुसट खूण त्या चमकेवरून वाचायची, असं तिचं काम. अडचण अशी होती की चमक फार थोडी, आणि तीही चहूकडे विखुरलेली.

“काका, रंगाचा रेणू म्हणजे बडबड्या माणूस,” पहिल्यांदा पट्ट्या मागायला आली तेव्हा तिने सांगितलं होतं. “दिसेल त्या दिशेला बोलत सुटतो. आपल्या कानावर त्यातलं चिमूटभर येतं. पण त्याच्या शेजारी तुमची चांदी बसवली, की ती सगळं ऐकून घेते आणि पलीकडच्या बाजूने नेमक्या एकाच कोनात सांगते.”

“म्हणजे माझी चांदी चुगलखोर.”

“एक नंबरची. पण तिचे नखरेही आहेत. रेणू अगदी चिकटून बसला तर ती त्याचं बोलणं गिळून टाकते. लांब बसला तर तिला ऐकूच येत नाही. म्हणून मी मध्ये एक पारदर्शक थर देते, दोघांत अंतर राहावं म्हणून.”

“आणि माझ्याकडून चूक झाली तर?”

“चांदी पातळ झाली तर कोन विस्कटतो. जाड झाली तर ऐकते सगळं, पण पलीकडे जाऊ देत नाही. आतल्या आत उजेड विझतो.”

त्या वर्षी त्यांनी तिला पट्ट्यांमागून पट्ट्या दिल्या, आणि एका दुपारी तिने त्यांना वरच्या खोलीत बोलावून नेलं. अर्धगोल काचेच्या सपाट बाजूला तेलाच्या थेंबाने पट्टी चिकटवलेली होती. तिने दिवे घालवले, समोरून लेसर सोडला आणि हिरवा उजेड अडवणारी काच पुढे धरली. पलीकडच्या पांढऱ्या कागदावर एक नारिंगी कडं उमटलं. बारीक, पुरं, मध्ये काळोख. ओला पेला कागदावर ठेवून उचलावा तसं.

मुलामेवाले कागदापाशी वाकले. एकतीस वर्षं ते पट्ट्या करून वर पाठवत होते. त्यांचं पुढे काय होतं हे दाखवायला कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

“पोरी, हे माझ्या चांदीतून आलं?”

“तुमच्या चांदीतून, काका. माझा रंग, तुमची वाट.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा सहा महिन्यांनी करू, असं ठरलं. डोळ्यावरची पट्टी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “आतलं भिंग वयाने पिवळं पडलेलं होतं, ते गेलं. आता रंग निराळे वाटतील, विशेषतः निळा. सवय होईल.” मुलामेवाले मान डोलावून हसले. बायकोने काळ्या चष्म्यावरून त्यांची चेष्टा केली, लग्न झालेल्या लेकीने फोनवरून औषधांच्या वेळा पाठ करून घेतल्या, आणि पंधराव्या दिवशी ते तळघरात हजर झाले. सगळं लख्ख दिसत होतं. झाकणावरचा ओरखडाही दिसत होता, जो कधीपासून होता कोण जाणे.

त्यानंतर रंगवालीचं कडं गेलं.

पहिल्या खेपेला तिला वाटलं रंग जुना झाला. तिने नवा केला. मग मधला थर पुन्हा दिला, तेल बदललं, लेसर तपासला. कागदावर कधी काहीच नाही, कधी डोळे ताणून पाहिलं तर धुरकट सावली. दोन महिने गेले. तिच्या कंत्राटाचं नूतनीकरण पाच आठवड्यांवर आलं होतं. पाच वर्षांचं काम मांडायचं होतं, आणि मांडायला कडं नव्हतं. शेवटी ती तळघरात उतरली.

“काका, राग मानू नका. एकदा चांदीची जाडी बाहेरून मोजून आणू या का? दुसऱ्या संस्थेत यंत्र आहे. एका दिवसाचं काम.”

पंप धापा टाकत होता. मुलामेवाल्यांनी हातातली पट्टी फडक्यावर ठेवली.

“माझी चांदी मोजायची?”

“तुमची म्हणून नाही हो. एकेक गोष्ट वगळत चाललेय मी.”

“बत्तीस वर्षांत कुणी बाहेर नेऊन मोजली नाही. आता माझा डोळा नवा करकरीत झालाय, आणि आता मोजायची? रंगाचा हात बिघडला असेल तर आपल्या कुप्या बघ, पोरी. चांदीला बोल लावू नकोस.”

ती पायरीवर थोडी थांबली, मग वर गेली. त्या दिवसानंतर ती त्यांना काका म्हणाली नाही.

आठवड्याने सरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. सर वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. त्यांनी विचारलं, “थर बरोबर आहे ना? खात्री आहे?” मुलामेवाले म्हणाले, “डोळ्यांदेखत बंद केलाय, सर. प्रत्येक.” सरांनी रंगवालीकडे पाहिलं. बाहेर मोजायची मागणी तिने पुन्हा केली. सर म्हणाले, “त्यांच्यावर अविश्वास दाखवून विभाग चालायचा नाही.” मग अहवाल लिहिला गेला, की आधीचे निकाल पुन्हा मिळत नाहीत, त्यामुळे तेही शंकास्पद आहेत. कंत्राट संपलं. तिने वापरातल्या कुप्या धुऊन पालथ्या घातल्या, खोलीची किल्ली ठेवली आणि गेली. शंकास्पद हा शब्द तिच्याबरोबर गेला. दुसऱ्या दोन ठिकाणी तिचे अर्ज परत आले, असं विभागात कुजबुजलं गेलं. मुलामेवाल्यांनी ते ऐकलं आणि पंप सुरू केला.

दोन महिन्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी ते कुशीवर लोळत पडले होते. एक डोळा उशीत दबला होता, दुसऱ्याने ते खिडकीजवळ वाळत घातलेली चादर बघत होते. चादर पिवळट होती. त्यांनी कूस बदलली. चादर पांढरीशुभ्र, जरा निळसरच. परत या कुशीवर. परत त्या.

“अगं ए, इकडे ये. तिथे उभी राहा, हालू नकोस.” त्यांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकला. “मला दोन बायका आहेत. एक पिवळी, एक गोरी.”

“पिवळीला भांडी घासायला सांगा,” बायको म्हणाली. “गोरी जरा पडते.”

ते हसले. हसता हसता थांबले. डॉक्टरांचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

“काय झालं हो?”

“काही नाही.”

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी विभाग उघडताच त्यांनी तळघरातली खोक्यांची फळी खाली घेतली. प्रत्येक घाण्यातली एक पट्टी ते तारीख घालून बाजूला ठेवत. त्या पट्टीला ते साक्षीदार म्हणत. कडं उमटलं त्या वर्षीची पट्टी काढली. शस्त्रक्रियेनंतरची काढली. दोन्ही दिव्यापुढे धरून डावा डोळा झाकला. नव्या उजव्या डोळ्याला नवी पट्टी दौतीच्या निळ्याची दिसली, आणि जुनी फारच फिकी. मग उजवा झाकला. पिवळ्या पडलेल्या डाव्या डोळ्याला जुनी पट्टी दौतीच्या निळ्याची दिसली. नवी जवळजवळ काळी.

भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं पडत गेलं होतं, आणि त्याच्यासोबत त्यांचा निळाही हळूहळू सरकत गेला होता. यंत्राशी ताडून पाहत होते तोवर कळलंही नाही. मग एका सकाळी पिवळा पडदा निघाला. दिवा एकदम निळा दिसायला लागला, आणि तो ओळखीच्या निळ्याइतका गडद होईपर्यंत ते चांदी चढवत राहिले. दीडपट, कदाचित जास्त. तिच्या रंगात काही खोट नव्हती. उजेड त्यांच्या चांदीत विझत होता.

ते स्टुलावर बसून राहिले. पंप सुरू करायचं त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुपारी ते सरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. सरांनी त्या खिडकीकडे धरून पाहिल्या. सर हुशार होते, त्यांना लगेच कळलं.

“बसा आधी.”

“नको. अहवाल मागे घ्या, सर. लिहा, चूक मुलामेवाल्याची.”

“अहवाल वर गेलाय. समितीने मान्य केलाय. तिच्या जागी माणूस रुजू झालाय.” सर चष्मा पुसत राहिले. “आता तो मागे घ्यायचा म्हणजे विभागाने तीन वर्षं डोळ्याने चांदी मोजली, हे लिहून द्यायचं. तुमचं वय, तुमची इतकी वर्षं… मी नोंद घेतो.”

“कुठे घेता?”

सरांनी चष्मा घातला आणि पट्ट्या त्यांच्याकडे सरकवल्या.

मुलामेवाल्यांनी घरी येऊन स्वतःच एक पानभर लिहिलं, खाली सही केली आणि विद्यापीठाच्या कार्यालयात पोच घेऊन दिलं. उत्तर आलं नाही. पण महिन्याभरात जाडी मोजायचं नवं यंत्र मात्र आलं, आणि त्यांची मुदतवाढ या वर्षी होणार नाही, असं पत्रही.

त्या दिवसांत सकाळी ते पेला उचलत आणि तसंच पाणी पीत. वाफ सोडत नसत. बायकोने पहिले दोन दिवस बरं वाटून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम नीट न धुतलेला पेला दिला. तोही ते निमूट प्यायले. तेव्हा ती घाबरली.

“डावा डोळा करून घ्या हो. लेक रोज विचारते.”

“नको.”

“का पण?”

“एवढा एकच साक्षीदार उरलाय.”

रंगवाली आता भिंतींच्या रंगांच्या दुकानात काम करते, असं कळलं. ते गेले. गल्ल्याच्या मागे डबे हलवणारं यंत्र खडखडत होतं, आणि ती एका गिऱ्हाइकाला भिंतीसाठी राखाडीच्या तीन छटा दाखवत होती. बोटांवर आता पांढरे डाग होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ते बाजूला उभे राहिले.

“नाव सार्थ केलं बघा मी,” ती म्हणाली. “तुम्हाला काय दाखवू?”

त्यांनी सांगितलं. डोळा, चादर, दोन पट्ट्या, सगळं. सांगताना त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं, पण तिथे काही हाललं नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “डोळ्याचं नाही. चांदी जाड आहे, ते. दुसरं काही उरलंच नव्हतं.”

“रविवारी येशील का? किल्ली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहे. नव्या यंत्रावर मोजून पट्ट्या केल्यात. सहा आहेत.”

“कशाला?”

ते म्हणाले, “तुझा रंग अजून खालच्या कपाटात आहे. मी टाकू दिला नाही.”

ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती आली. इमारत रिकामी होती. तिने कोट घातला नाही. बाह्या सारून मधला थर दिला, रंग सोडला, पट्टी वाळेपर्यंत खिडकीबाहेरच्या वाहनतळाकडे बघत उभी राहिली. मग तिने पट्टी चिकटवली, दिवे घालवले आणि लेसर सोडला.

कागदावर कडं उमटलं. बारीक, पुरं, नारिंगी.

तिने ते पाहिलं. पट्टी फिरवून कोन मोजला, सवयीने खिशात पेन शोधलं, आणि लिहायला वही नाही हे लक्षात आल्यावर हात तसाच खाली सोडला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“पोरी, मी त्या दिवशी—”

“हे मला तेव्हा हवं होतं.” आवाज चढला नव्हता. “एका दिवसाचं काम होतं. एकच दिवस मागितला होता मी.”

तिने लेसर बंद केला, दिवे लावले, हात धुतले. बेसिनमध्ये पाणी थोडं गुलाबी झालं. दाराशी तिने त्यांच्याकडे पाहिलं, जशी पायरीवर थांबली होती तशी थांबली, आणि गेली. उरलेल्या पाच पट्ट्या तिने नेल्या नाहीत. मुलामेवाल्यांनी त्या खोक्यात घातल्या, तारीख टाकली, आणि खाली पहिल्यांदाच दोन नावं लिहिली, तिचं आणि स्वतःचं.

महिनाअखेरीला त्यांनी किल्ली दिली. त्यानंतर ते घरीच असत. विद्यापीठातून टपाल आलं का, हे रोज विचारत, पण खालच्या पेटीपर्यंत स्वतः जात नसत. डाव्या डोळ्याने दिसायचं कमी कमी होत चाललं, तरी त्यांनी तो केला नाही. सात आठवड्यांनी, दुपारचे चार वाजायच्या सुमारास, दारात पायांत चपला घालायला ते वाकले आणि उठलेच नाहीत. कुठे निघाले होते, ते बायकोला माहीत नव्हतं. त्यांच्या खिशात त्या पानाची पोच होती, दुमडून मऊ झालेली.

लेक आली, शेजारी आले, विभागातले चौघे आले. सर आले, आणि फार चांगलं बोलले. रंगवाली आली नाही, किंवा आली असली तर गर्दीत दिसली नाही. सगळे गेल्यावर लेकीने विचारलं, “शेवटचं काही बोलले का गं बाबा?” बायकोला वाटलं, हिला काहीतरी मोठं सांगायला हवं. पण दुपारभर ते बोललेच नव्हते. बोलले होते ते सकाळी. तिने नेहमीसारखा पेला भरायला घेतला, तेवढ्यात त्यांनी तो रिकामाच तिच्या हातातून काढून घेतला. खिडकीपाशी गेले, उजवा डोळा मिटला, कितीतरी दिवसांनी तोंड उघडून काचेवर हलकेच ‘हा’ केलं, आणि धुकं पुरतं जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग पेला तिच्यापुढे धरला.

“परत धू गं. कडेला राहिलंय.”